पाटावर बसलेला फोन

नया बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
सर्वपित्रीच्या आधीचा बुधवार

ती. सौ. मंजूताईस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. तुझ्यापर्यंत पुरता पोचला असं समज.) तुम्ही सगळे खुशाल असाल. भावोजींचं पित्त कसं आहे? तिकडे ऑकलंडला थंडी ओसरत आली असेल आणि तुझ्या बागेत ती लिंबं लागली असतील, ज्यांचे फोटो बाबा गल्लीतल्या प्रत्येकाला दोनदा दाखवतात. आमच्या गच्चीवरही लिंबाचं झाड आहे आणि त्यालाही लिंबं लागतात, पण त्यांचा फोटो अजून कुणी मागितलेला नाही.

इकडे सगळे ठीक. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे, अंबरीशची बँक माझ्या नवऱ्याला घरी येऊ देते, शांताआत्या रोज अचलेश्वराला जाऊन येते आणि येताना आमच्याकडे चहा घेऊन आमच्या संसारातल्या चुका काढते. प्रकृतीची तक्रार फक्त एकाच सदस्याची आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशील. तर ताई, आपल्या घरात फोनवर तू बोलतेस आणि बाबा ऐकतात. माझ्या वाट्याला शेवटी "अपर्णा पण मजेत आहे" एवढं वाक्य येतं, आणि तेही बाबाच म्हणतात. म्हणून लिहायला बसले. आत्याची सून गरिमा तिच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी तुमच्या गावी येते आहे. तिच्या हाती चिवडा पाठवला आहे आणि हे पत्र चिवड्याच्या डब्यात, पिशवीच्या खाली ठेवलं आहे. (तिथल्या विमानतळावर डबे उघडून बघतात म्हणे. उघडू देत. माझा मत्सर वाचायला त्यांना मराठी शिकावी लागेल.)

तुला आठवतं का, नैरोबीहून परत येताना सगळ्या लोकांनी टीव्ही आणले, फ्रीज आणले, आणि आपल्या बाबांनी ही गाडी आणली? आई शेवटपर्यंत म्हणायची की मला मिक्सर हवा होता. मातकट सोनेरी रंगाची, जमिनीला पोट टेकल्यासारखी चालणारी ती जपानी गाडी आपल्या गल्लीत शिरली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू बारा. बाबांनी सगळ्या गल्लीला बॉनेट उघडून समजावलं होतं की या इंजिनात वरखाली नाचणारं काही नाही. आत फुगलेल्या कडांचा एक तिकोनी लोखंडी समोसा आहे, तो गोल गोल फिरतो, आणि असे दोन समोसे आहेत, एक पुढच्या खणात आणि एक मागच्या. समोशाच्या तिन्ही टोकांना एक एक बारीक पट्टी आहे. ती भिंतीला घट्ट घासत गेली की इंजिन जिवंत. एक जरी पट्टी अडकली किंवा झिजली, की गाडी म्हणजे अंगणातला देव्हारा. गल्लीला त्यातलं समोसा तेवढं कळलं.

आणि मग सुरू झाली आपल्या घरची ती प्रथा, जिला आई "गाडीची प्रदक्षिणा" म्हणायची. गाडी फारशी बाहेर निघत नाही, उभ्या उभ्या त्या पट्ट्या चिकटून बसू नयेत, म्हणून दर महिन्याला प्लग काढायचे, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावायचा आणि इंजिन हातानं सावकाश फिरवायचं. प्लगच्या भोकातून हवा येते. फुस्, फुस्, फुस्. समोशाचं एक टोक, दुसरं टोक, तिसरं टोक. तिन्ही फुंकरा सारख्या ऐकू आल्या की सगळं ठीक. पाना बाबा फिरवायचे. आणि ऐकायला बसायचीस तू. डाव्या चाकाजवळ, त्या लाकडी पाटावर, भोकाला कान लावून, डोळे मिटून, जशी काही तुला आकाशवाणी होणार आहे. बाबा श्वास रोखून विचारायचे, "काय म्हणते मंजू?" आणि तू एका बोटानं थांब म्हणायचीस. बारा वर्षांची मुलगी बाबांना बोटानं थांबवते! मी तुझ्यावर जळायला त्या बोटापासून सुरुवात केली.

मी टॉर्च धरायचे.

ताई, ज्यानं कधी कुणासाठी टॉर्च धरला नाही त्याला हे काम सोपं वाटतं. टॉर्च धरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, फक्त रागावतात. "इकडे धर. डोळ्यात नको. हातात धरला आहेस की दिवाळी करते आहेस?" उजेड बरोबर पडला तर टॉर्च धरणारी मुलगी दिसतच नाही, आणि चुकीचा पडला तर ती एकटीच दिसते. मीही एकदा पाटावर बसून बघितलं होतं. बाबांनी मला प्रेमानं उठवलं. म्हणाले, "बेटा, तुझा हात स्थिर आहे, ताईचा कान तिखट आहे. ज्याचं त्याला." तो स्थिर हात घेऊन मी आता चव्वेचाळीस वर्षांची झाले.

तू लग्न करून गेलीस, मग आणखी लांब गेलीस. मला वाटलं (देव मला क्षमा करो, पण मला खरंच वाटलं) की आता पाट रिकामा झाला. आई गेल्यावर आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो, बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि पाना माझ्या हातात आला. पहिल्याच महिन्यात मी विचारलं, बाबा, आता ऐकायला कोण? बाबांनी खिशातून फोन काढला. तुला लावला. आणि तो पाटावर ठेवला, तेलाच्या बाटलीला टेकवून, भोकाकडे तोंड करून.

तेव्हापासून तुझ्या पाटावर तुझा फोन बसतो, ताई. मी खाली पोत्यावर गुडघे टेकून, रेडिएटरच्या मागे हात घालून, पाव वेढा फिरवते, पाना काढते, पुन्हा लावते, पुन्हा पाव वेढा. माझ्या बांगड्या बाबांकडे, माझ्या नाकावर काळं. आणि बाबा खुर्चीवरून सांगतात, "हळू, अपर्णा. मंजूला ऐकू दे." स्पीकर लावलेला त्यांना चालत नाही, आवाजाचा कस जातो म्हणे. सगळं फिरवून झालं की ते फोन उचलून कानाला लावतात. "हं. हं. बरं." मग फोन ठेवतात आणि निकाल जाहीर करतात. "मंजू म्हणते, तिन्ही सारखे." आणि त्यांचा चेहरा असा उजळतो की मला त्या क्षणी दोन इच्छा होतात. एक, तो चेहरा माझ्याकडे वळावा. दुसरी, पाना फोनवर पडावा.

(हे वाचून तुला वाईट वाटत असेल तर चिवडा खा. त्यात काजू जास्त टाकले आहेत. तो माझ्या मत्सराचा दंड समज.)

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात फिरवताना मला मागच्या खणाची तिसरी फुंकर कमी वाटली. फुस्, फुस्, आणि मग नुसतं फ्. मी पुन्हा फिरवलं. तसंच. मी सांगितलं, बाबा, मागचं तिसरं टोक बरोबर नाही. ते म्हणाले, "रेडिएटरखालून काय ऐकू येणार तुला?" फोन कानाला लावला, हं हं केलं, आणि सांगितलं की मंजू म्हणते तिन्ही सारखे. विषय संपला. मी महिनाभर भांडी घासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना तेच ऐकत होते. फुस्, फुस्, फ्. अंबरीशला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं छोड ना यार, त्यांचं समाधान होतंय ना." पण बाबा यंदा दसऱ्याला गाडी बाहेर काढणार आहेत. स्वतः चालवून, शमीपूजनाला. अठ्ठ्याहत्तरी झाली, डॉक्टरांनी एवढी एकच फेरी मान्य केली आहे, आणि बाबा त्या फेरीसाठी रोज सकाळी गुडघ्याचे व्यायाम करतात. पट्टी अडकलेली असताना इंजिन सुरू केलं आणि ती आत तुटली, तर त्यांची ती फेरी गेली. बहुधा कायमची. आणि ऑकलंडहून निकाल आला होता की सगळं ठीक आहे.

म्हणून परवा सोमवारी मी संप केला. चहा पिता पिता सांगितलं, आज पाना दुसरं कुणीतरी फिरवेल, मी ऐकणार. बाबा म्हणाले, "पाटावर मंजू आहे."

फोन तेव्हा अजून त्यांच्या खिशात होता, ताई.

मी म्हटलं, असू दे, मी तिच्या पायाशी फरशीवर बसते. अंबरीशनं पाठ धरल्याचं जाहीर करून टॉर्च घेतला. (बघ, पंधरा मिनिटांत त्याचा हात दुखायला लागला.) आता पाना कुणी घ्यायचा? तेवढ्यात आत्या देवळातून आली. सोमवारचा उपास, कपाळावर भस्म, हातात बेलाची परडी. म्हणाली, "मेलं एवढं काय आहे त्यात, द्या इकडे, मी मणभर लोणचं ढवळलं आहे." बाबांनी बहिणीला मोठ्या कौतुकानं पोत्यावर बसवलं, प्लग निघाल्यावर जोर लागत नाही हे सांगितलं, आणि दिशा समजावली. इंजिन एकाच दिशेनं फिरवायचं. उलटं फिरवलं तर बोल्ट सैल होण्याची भीती, आणि तो सैल झाला तर आतलं सगळं जागेवरून हलतं. हे आत्याला कसं सांगावं? बाबांनी आयुष्यभर सांगितलं तसंच सांगितलं. "शांते, अगदी सोपं. प्रदक्षिणेसारखं फिरव."

आत्यानं पदर खोचला, पाना लावला, पुटपुटत बरोबर दिशेनं अर्धा वेढा सुरेख फिरवला. बाबा म्हणाले, वा. आणि मग आत्या थांबली. आणि तितक्याच भक्तिभावानं पाना तसाच उलटा फिरवत मागे घेऊन आली.

बाबा काठी न घेता उभे राहिले. गेल्या चार वर्षांत त्यांना असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "शांते! उलटं? उलटं का फिरवलंस?"

आत्या पोत्यावरून शांतपणे म्हणाली, "मग? पिंडीवरचं पाणी वाहून जातं ती निर्मळी ओलांडू? रोज अचलेश्वराला काय करते मी? अर्धी जायची, परत यायचं. शंकराची प्रदक्षिणा तशीच असते दादा, तू देवळात जात नाहीस म्हणून तुला ठाऊक नाही."

"इथं शंकर कुठं आला!"

"आज सोमवार आहे," आत्या म्हणाली. जिथं जिथं ही गाडी विकली गेली असेल, तिथल्या कुठल्याही माणसानं तिचं इंजिन या कारणासाठी उलटं फिरवलेलं नसेल.

अंबरीश हसू दाबायला बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. मग मला आठवलं की बाबांनी बोल्टपासून पुलीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. बोल्ट हलला तर रेघ तुटते. मी अंबरीशच्या हातातून टॉर्च घेतला (शेवटी मीच!) आणि पाहिलं. रेघ सलग होती. बोल्ट जागेवर होता, अर्धा वेढा सगळं मिळून मागं आलं होतं, बाकी काही नाही. बाबांनी खुर्चीत बसून कपाळ पुसलं आणि आत्याला सांगितलं की हा शंकर नव्हे, गणपती समज, पूर्ण घाल. आत्यानं हात जोडून शंकराची परवानगी घेतली, पाना काढून परत लावायची रीत मी तिला दाखवली, आणि बाबांनी तुला फोन लावून पाटावर टेकवला. मी शेजारी फरशीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या भोकाजवळ.

ताई, ते इतकं जवळून असं ऐकू येतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस. लांबून मला ते नुसतं फुस् वाटायचं. जवळून ते कुणीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखं आहे. तेलाचा वास असलेला, कोमट नसलेला, पण जिवंत श्वास. तू डोळे का मिटायचीस ते मला कळलं, आणि मग मी तुझ्यावर आणखी जळले, कारण एवढी वर्षं हे तू एकटीनं ऐकलंस.

पुढचा खण ठीक होता. तिन्ही सारख्या. मागच्या खणाला फुस्, फुस्, आणि फ्. तीच. आत्याला पुन्हा फिरवायला लावलं. तीच. मी विजयानं पाटाकडे पाहिलं, म्हणजे तुझ्याकडे, की आता तरी ऐकलंस ना बाई. फोन काळा होता. मी बोट लावलं. मेलेला. अंबरीशनं रात्री चार्जिंगला लावायचं विसरून ठेवला होता, आणि तो बाबांनी लावल्या लावल्या बंद पडला असणार.

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी वाकून फोन उचलला आणि कानाला लावला.

"हं," बाबा म्हणाले. "हं. हं. बरं. जेवलीस का? बरं बरं. ठेवतो."

मग आमच्याकडे वळले. तोच उजळलेला चेहरा. "मंजू म्हणते, तिन्ही सारखे."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. अगदी लहान मुलीसारखा, ओंगळ, चकचकीत आनंद. म्हणजे तू काही म्हणालीच नव्हतीस! कोण जाणे कधीपासून म्हणत नव्हतीस! आत्यानं पाना ठेवून "अरे दादा, तो फोन तर..." एवढं म्हटलं आणि मी तिचा पाय दाबला. कारण आनंदाच्या मागोमाग मला दुसरं काहीतरी झालं होतं. आपल्या घरी बातम्या किती मोठ्यानं लागतात ते मला आठवलं. दूधवाल्यानं "कल नहीं आऊंगा" म्हटल्यावर बाबांनी "हाँ, दो लीटर" म्हटलं होतं आणि आम्ही आठवडाभर हसलो होतो, ते आठवलं. "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता" यावरून त्यांच्याशी मी किती वेळा तणतणले आहे, ते आठवलं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी स्वभाव चिडका झाला. ताई, बाबांना ती फुंकर ऐकूच येत नाही. फोनवर तुझा आवाजही किती येतो, देव जाणे. म्हणून त्यांना तुझा कान लागायचा, आणि तो लांब असलेलाच बरा होता. मी शेजारी बसून ऐकायला लागले असते तर माझ्या लक्षात आलं असतं. मला पाटापासून लांब ठेवण्याचं खरं कारण माझा कान नव्हता. त्यांचा होता.

मी सदतीस वर्षं ज्या खुर्चीचा, म्हणजे पाटाचा, हेवा केला, ती रिकामी होती आणि बाबा एकटे तिच्याकडे बघून हं हं म्हणत होते.

मी म्हटलं, बाबा, हात द्या. मोठ्यानं नाही, तोंड त्यांच्यासमोर नेऊन. त्यांचा उजवा हात धरला आणि तळवा त्या भोकासमोर नेला, अगदी जवळ. आत्याला खूण केली. आत्यानं सावकाश फिरवलं.

पहिली फुंकर तळव्याला लागली तेव्हा त्यांची बोटं दचकली. दुसरी लागली. तिसऱ्याला ते वाट बघत राहिले. काहीतरी आलं, पण इतकं मऊ, की त्यांनी हात आणखी जवळ नेला. त्यांनी आत्याला पुन्हा फिरवायला सांगितलं, पुन्हा एकदा.

"तिसरी कमी आहे," ते म्हणाले.

मी श्वास सोडला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, नाकावर काळं, डोळ्यांत पाणी. आता ते म्हणतील, अपर्णा, तू बरोबर होतीस. मी तयार होते. मी "जाऊ द्या हो बाबा" हे उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "मंजूच्या कसं लक्षात आलं नाही?"

त्या क्षणी पाना माझ्या हातात नव्हता, आत्याच्या हातात होता, ही तुझ्या फोनवर देवाची कृपा. पण मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, तळव्याकडे पाहत होते. आणि मी म्हटलं, "फोनवर नीट येत नसेल, बाबा."

त्यांनी मान वर केली. जरा वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. "हो," ते हळूच म्हणाले. "फोनवर नीट येत नाही."



मागच्या खणात प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडायचं ठरलं. हात घालायला मीच, कारण माझा हात स्थिर. तेल ओतायला वाकले तर मागून उजेड आला. मला वाटलं अंबरीश. वळून पाहिलं तर बाबा, एका हातानं बॉनेटला धरून, दुसऱ्या हातात टॉर्च. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी टॉर्च धरला होता. आणि धरला होता तो पार दुसरीकडे, काच धुण्याच्या पाण्याच्या डबीवर. मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, इकडे धरा! डोळ्यात नको!" आणि ताई, ते हसले. ती डबी अजून उजेडात होती.

तेल रात्रभर मुरू दिलं. काल सकाळी मी पुन्हा पाना घ्यायला पोत्याकडे निघाले, तर आत्या आधीच तिथं बसलेली. मंगळवार असल्यामुळे आज पूर्ण प्रदक्षिणा चालेल, असं तिनंच जाहीर केलं. फोन बाबांच्या खिशातच होता. त्यांनी काठीनं पाटावर टकटक केलं. "बस."

बसले. आत्यानं फिरवलं. फुस्, फुस्, आणि तिसरी आली. बाकीच्या दोघींएवढी नव्हती, पण आली. बाबांनी भुवया उंचावल्या आणि मी, ताई, मी एक बोट वर केलं. थांबा म्हणून. बाबा थांबले. मी उगाचच जरा जास्त वेळ थांबवलं त्यांना.

आज सकाळी बाबा फाटकाशी समोरच्या दिग्विजयसिंहांना सांगत होते, "इंजन की एक सील अटक रही थी, मंजू ने पकड़ ली, वहाँ बैठे-बैठे." मी वरून कपडे वाळत घालत होते. एक ओला टॉवेल माझ्या हातातून निसटला आणि तो बाबांपासून बराच लांब पडला. नेम माझा कधीच चांगला नव्हता.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर दे, पण लिहून दे.

तुझी,
अपर्णा

ता. क. तुमच्याकडे या इंजिनांचे शौकीन पुष्कळ आहेत म्हणतात, तर गरिमा परत येताना तिच्या हाती चार नवे प्लग पाठव. जुन्यांची दशा बघवत नाही.

ता. क. २ आणि एक विचारायचं होतं. फोनवर तू एवढी वर्षं खरोखर काय म्हणत होतीस? "बाबा, मला काही ऐकू येत नाही, अपर्णाला विचारा" असं तू म्हणत असशील, अशी मला परवापासून दाट शंका आहे. तसं असेल तर मला कळवू नकोस. मी आता या वयात जळायला दुसरं माणूस कुठून शोधू?

ता. क. ३ मुळात पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. बाबांना कानाचं यंत्र घ्यायला हवं. मी सांगितलं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करतील आणि मला भांडताही येणार नाही. तू सांग. तू सांगितलेलं त्यांना पटतं, तू न सांगितलेलंसुद्धा पटतं, हे आपण पाहिलंच. व्हिडिओ कॉल कर, तोंड मोठं करून बोल, आणि मी लिहिलं आहे असं सांगू नकोस.

ता. क. ४ डबा बंद करायच्या आधी पुन्हा विचार केला. एवढी घाई नको. दसरा होऊन जाऊ दे. यंत्र आलं की बाबांना स्वतःलाच ऐकू येईल, मग पाटावर तेच बसतील आणि माझ्या हातात पुन्हा पाना. मला ती जागा मिळून अजून दोन दिवसही झालेले नाहीत. दसऱ्यानंतर सांग. किंवा दिवाळीनंतर.

ता. क. ५ नाही, पत्र मिळाल्या दिवशीच फोन कर. त्या पाटाचा एक खिळा वर आलेला आहे, तो तू मला कधी सांगितला नाहीस. इतकी वर्षं त्यावर बसून हूं की चूं केलं नाहीस, बाई कमाल आहे तुझी. मघाशी हातोडी घेऊन तो ठोकून आले. मला टोचला तर टोचला, पण बाबांना टोचायला नको.